‘एक’ या शब्दाचा अर्थ : राममोहन–मार्शमन वादाचे पुनर्वाचन

पवित्र त्रैक्याच्या सणाच्या दिवशी आपल्या मंदिरांतून जी प्रवचने होतात, त्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतील. पहिल्या प्रकारात हे रहस्य मानवी बुद्धीच्या पलीकडचे आहे असे प्रारंभीच जाहीर करून वक्ता अन्य विषयाकडे वळतो. दुसऱ्या प्रकारात पाणी, बर्फ व वाफ किंवा बेलाचे त्रिदल यांसारखे दृष्टांत योजून श्रोत्यांचे समाधान करण्याचा प्रयत्न होतो. दोन्ही प्रकारांत श्रोत्याच्या मनातील मूळ प्रश्न तसाच राहतो. तो प्रश्न अगदी साधा आहे : परमेश्वर एकच आहे असे म्हणणारे तुम्ही, मग तिघांची नावे का घेता? बेळगावकडील लिंगायत शेजारी, हैदराबादेतील मुसलमान सहकारी, बडोद्याचा वा इंदूरचा आर्यसमाजी गृहस्थ, यांपैकी कोणीही आपल्या धर्मशिक्षकास हा प्रश्न विचारू शकतो. आणि पुष्कळदा तो विचारला जातोही.

हिंदुस्थानात हा प्रश्न सर्वांत समर्थपणे मांडला गेला तो १८२० ते १८२३ या काळात, राजा राममोहन रॉय यांच्या लेखणीतून. त्यास उत्तर देणारे होते श्रीरामपूरचे बॅप्टिस्ट मिशनरी जोशुआ मार्शमन. या वादाचा उल्लेख आपल्याकडे इतिहासाचा एक प्रसंग म्हणून होतो. त्याची ईश्वरविद्येच्या दृष्टीने चिकित्सा क्वचितच होते. ती करण्याचा येथे प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, या वादात प्रश्न योग्य विचारला गेला, परंतु उत्तर अपुरे दिले गेले. आणि तोच अपुरेपणा आपण आजही आपल्या धर्मशिक्षणात चालवीत आलो आहोत.

वादाची हकिकत

१८२० साली राममोहन रॉय यांनी प्रभू येशूच्या उपदेशाचे एक संकलन कलकत्त्यात इंग्रजीत प्रसिद्ध केले. शुभवर्तमानांतील नीतिपर वचने त्यात घेतली होती. चमत्कार आणि सिद्धांतविषयक उतारे बहुतांशी वगळले होते. हे पुस्तक बॅप्टिस्ट मिशनच्याच छापखान्यात छापले गेले होते. श्रीरामपूरहून निघणाऱ्या ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या नियतकालिकाने त्यावर प्रतिकूल टीका केली व संकलनकर्त्याचा उल्लेख ‘हीदन’, म्हणजे खऱ्या देवाला न ओळखणारा, असा केला. ज्या पुरुषाने एकेश्वरवादासाठी स्वकीयांचा व आप्तांचा रोष पत्करला होता, त्यास हे विशेषण किती झोंबले असेल याची कल्पना करता येते. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती जनतेस उद्देशून पहिले निवेदन काढले. १८२१ मध्ये दुसरे व १८२३ मध्ये अखेरचे. ही निवेदने लिहिताना त्यांनी ग्रीक व हिब्रू मूळ ग्रंथांचा आधार घेतला. अखेरचे निवेदन छापण्यास मिशनच्या छापखान्याने नकार दिल्यामुळे त्यांना स्वतःची मुद्रणाची सोय करावी लागली. मार्शमन यांनी सविस्तर उत्तरे दिली व ती १८२२ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

याच सुमारास आणखी एक घटना घडली. शुभवर्तमानांच्या बंगाली भाषांतराचे काम राममोहन रॉय, विल्यम येट्स व विल्यम अ‍ॅडम हे तिघे मिळून करीत होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या ओवीपाशी ते अडले. सर्व काही शब्दाच्या ‘द्वारे’ झाले असे म्हणावयाचे, की शब्दा‘ने’ सर्व काही केले असे? मुळातील ‘दिआ’ या ग्रीक शब्दयोगी अव्ययाचा अर्थ ‘द्वारे’ असाच आहे, असा अ‍ॅडम व रॉय यांचा आग्रह होता. येट्स यांना त्यात पुत्राच्या देवत्वास धोका दिसला व त्यांनी अंग काढून घेतले. १८२१ मध्ये अ‍ॅडम यांनी त्रैक्याचा सिद्धांत सोडून युनिटेरियन मत स्वीकारले. कलकत्त्यातील गोऱ्या समाजाने त्यांची ‘दुसरा पतित आदाम’ अशी थट्टा केली. एका विभक्तीपायी माणसाची श्रद्धा बदलली, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु तो प्रश्न केवळ विभक्तीचा नव्हता.

आक्षेपांचे स्वरूप

राममोहन यांचे आक्षेप अनेक आहेत; परंतु त्यांचा गाभा तीन मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला मुद्दा ऐक्याचा. पिता व पुत्र एक आहेत असे जेथे शुभवर्तमानात म्हटले आहे, तेथे इच्छेचे व हेतूचे ऐक्य अभिप्रेत आहे, स्वरूपाचे नव्हे. कारण योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्यांसाठी अशाच ऐक्याची प्रार्थना करतो. पिता-पुत्रांचे ऐक्य स्वरूपाचे मानले, तर शिष्यांनाही देवस्वरूप मानावे लागेल.

दुसरा मुद्दा संख्येचा. देवत्व हे एक स्वरूप असून त्यात तीन व्यक्ती आहेत असे म्हटल्याने एकेश्वरवाद टिकत असेल, तर मनुष्यत्व हेही एकच स्वरूप आहे. मग असंख्य माणसांनाही एकच म्हणावे लागेल. या युक्तिवादाने कोणताही बहुदेववादी आपल्या देवांचे समर्थन करू शकेल. ज्या मिशनऱ्यांनी हिंदूंच्या अनेक देवांवर कोरडे ओढले, त्यांनीच अनेकदेवतांच्या मंडनास शस्त्र पुरवले, हा राममोहन यांचा खरा टोला होता.

तिसरा मुद्दा दर्जाचा. पुत्र पित्याकडून सत्ता मिळवतो, पित्याची इच्छा पाळतो, पित्यास प्रार्थना करतो. सृष्टी त्याच्या ‘द्वारे’ झाली. या सर्वांवरून पुत्र पित्याहून स्वभावतःच कनिष्ठ ठरतो. पवित्र आत्मा तर त्यांच्या मते स्वतंत्र व्यक्तीच नसून ईश्वराची प्रेरणा आहे.

मार्शमन यांच्या उत्तराची मर्यादा

मार्शमन हे विद्वान होते व त्यांची निष्ठा निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या उत्तराची पद्धती वचनास वचन भिडवण्याची आहे. पुत्राचे देवत्व दर्शविणारे उतारे त्यांनी जुन्या व नव्या करारातून चिकाटीने गोळा केले. राममोहन यांनीही तेच केले. परिणामी दोन्ही बाजूंस वचनांचे ढीग जमले आणि ‘एक’ म्हणजे काय, हा प्रश्न बाजूस पडला. देव एक आहे हे दोघांनाही मान्य होते. परंतु ते एकत्व मोजणीतल्या एका वस्तूचे एकत्व आहे, की अन्य प्रकारचे, याचा विचार मार्शमन यांनी पुरेसा केला नाही. देवास आपण मोजतो का? एक सूर्य, एक चंद्र, तसा एक देव, असे म्हणता येते का? हा प्रश्न त्यांनी विचारला असता, तर प्रतिपक्षाच्या बैठकीची परीक्षा झाली असती. कारण वेदान्ताचा अभ्यासक असलेल्या राममोहन यांना परमतत्त्व संख्येच्या पलीकडे असते हे समजणे अवघड नव्हते.

आश्चर्य असे की, या तिन्ही आक्षेपांची उत्तरे चौथ्या शतकातच दिली गेली होती.

योहानाच्या सतराव्या अध्यायावरील आक्षेप आरियसच्या अनुयायांनी जवळजवळ याच शब्दांत घेतला होता. संत अथानासिअस यांनी आरियसपंथीयांविरुद्धच्या तिसऱ्या प्रबंधात त्यास उत्तर दिले आहे. त्याचा मथितार्थ असा : ‘जसे’ या शब्दाने समानता नव्हे तर आदर्श दाखविला जातो. पित्यासारखे दयाळू व्हा असे म्हटल्याने कोणी पिता होत नाही. पुत्राचे ऐक्य स्वभावाने आहे. शिष्यांचे त्यात सहभागी होणे कृपेने आहे. मूळ ऐक्य खरे नसेल, तर त्यात सहभागी होण्यालाही अर्थ उरणार नाही.

संख्येचा आक्षेप तर निस्साचे संत ग्रेगरी यांना त्यांच्याच विश्वासातील अब्लाबियस नावाच्या गृहस्थाने कळविला होता. पेत्र, याकोब व योहान यांचे मनुष्यत्व एक असूनही आपण त्यांना तीन माणसे म्हणतो. मग पिता, पुत्र व आत्मा यांस तीन देव का म्हणू नये? ग्रेगरी यांच्या उत्तराचे मर्म कर्माच्या एकत्वात आहे. तीन माणसे एकच काम करतात तेव्हाही प्रत्येकाचे काम निराळे असते : तीन शेतकरी नांगरतात तेव्हा तीन नांगरट्या होतात. परमेश्वराच्या ठायी असे नाही. सृष्टी, तारण, पवित्रीकरण ही कर्मे पित्यापासून उगम पावतात, पुत्राद्वारे पुढे येतात व आत्म्यात पूर्ण होतात. परंतु कर्म एकच असते. पिता एक जीवन देतो, पुत्र दुसरे, आत्मा तिसरे, असे होत नाही. एकच जीवन आपणांस मिळते. बहुदेववादाशी असलेले साम्य येथेच संपते. अनेक देवांच्या कथांत देवांची क्षेत्रे वाटलेली असतात, त्यांच्या इच्छांचा परस्परांशी संघर्ष होतो. येथे वाटणीच नाही.

आणि अव्ययाचा प्रश्न? संत बासील यांचा पवित्र आत्म्याविषयीचा ग्रंथ सुमारे ३७५ साली लिहिला गेला, तो याच प्रश्नावर. पित्या‘पासून’, पुत्रा‘द्वारे’, आत्म्या‘त’ अशी भिन्न अव्यये असल्यामुळे तिघांची स्वरूपेही भिन्न होत, असे त्या काळी काही जण प्रतिपादीत होते. पवित्र शास्त्रात ही अव्यये एकमेकांच्या जागी येतात, हे बासील यांनी सोदाहरण दाखवून दिले. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या अखेरीस पौल एकाच परमेश्वराविषयी बोलताना ‘पासून’, ‘द्वारे’ व ‘प्रीत्यर्थ’ असे तिन्ही संबंध वापरतो. अव्यये दर्जा सांगत नाहीत, संबंध सांगतात. म्हणून येट्स व अ‍ॅडम या दोघांचीही भीती अस्थानी होती, असे म्हणावे लागते. ‘द्वारे’ हेच भाषांतर बरोबर होते. आणि ते बरोबर असूनही पुत्राच्या देवत्वास त्याने काडीचाही बाध येत नव्हता. परंपरेशी परिचय असता, तर बंगाली भाषांतराच्या त्या मेजावर तिघांना एकत्र बसून काम पुरे करता आले असते. मूळ ग्रंथ हाती असून परंपरा हाती नसली म्हणजे काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

राममोहन यांचे ऋण

एवढे म्हटल्यावर राममोहन यांचा निकाल लागला असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांनी ज्याच्यावर हल्ला केला तो धर्मसभेचा सिद्धांत नव्हे. परंतु धर्मसभेच्या नावाने पुष्कळ ठिकाणी जे शिकविले जाते ते मात्र खचितच होते. क्रुद्ध पिता एका बाजूस, दयाळू पुत्र दुसऱ्या बाजूस, व पुत्राने पित्याची समजूत घालून आपणांस सोडविले, अशी कथा आपल्या गावोगावच्या सभांतून आजही ऐकू येते. ज्या कथेत पित्याची इच्छा एक व पुत्राची दुसरी असते, त्या कथेत दोन देव असतात; मग शेवटी एकत्वाची कितीही ग्वाही दिली तरी उपयोग नाही. राममोहन यांच्या टीकेचा आपण हा उपयोग करावा : आपले प्रत्येक प्रवचन त्यांनी समोर बसून ऐकले असे समजावे, आणि त्यांना त्यात किती देव दिसले असते हे स्वतःस विचारावे.

सच्चिदानंदाचा मार्ग

राममोहन यांच्या ब्राह्म परंपरेतूनच पुढे दुसरा मार्ग निघाला. १८८२ मध्ये केशवचंद्र सेन यांनी कलकत्त्यात त्रैक्याच्या अद्भुत रहस्यावर व्याख्यान दिले व पिता, पुत्र आणि आत्मा यांची सांगड सत्, चित् व आनंद यांच्याशी घातली. ब्रह्मबांधव उपाध्याय हे १८९१ मध्ये कॅथलिक झाले. त्यांनी १८९८ मध्ये ‘सोफिया’ मासिकात सच्चिदानंदाचे संस्कृत स्तोत्र प्रसिद्ध केले. १९५० मध्ये कावेरीतीरी कुळितलैजवळ स्थापन झालेल्या आश्रमानेही हेच नाव धारण केले. आज अनेक सेमिनरींत हे स्तोत्र गायिले जाते.

या मार्गाचे श्रेय मोठे आहे. आपल्या देशाच्या चिंतनातील सर्वोच्च शब्द त्याने उपासनेत आणला. आणि परमेश्वराच्या अंतर्यामी जाणीव व आनंद आहेत, तो आपल्या पूर्णतेसाठी सृष्टीवर अवलंबून नाही, हे सत्य ठसविले. परंतु एक धोका ध्यानी घेतला पाहिजे. वेदान्तात सत्, चित् व आनंद ही परस्परांशी संबंध असलेली तीन तत्त्वे नव्हेत. एकाच निर्भेद ब्रह्माचे ते स्वरूपकथन आहे. चित् कधी सत्‌ला ‘अब्बा’ अशी हाक मारीत नाही. गेथशेमाने बागेत जो गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि ज्यास ती करतो, ते दोघे या सूत्रात नुसते ठेवून दिले तर एकमेकांत विरून जातात. मग क्रुसावरील आर्त हाक ही स्वगत होऊन बसते.

ब्रह्मबांधव यांना हे कळले होते, असे त्यांच्या स्तोत्राच्या रचनेवरूनच दिसते. ते सूत्रावर थांबले नाहीत. पिता, शब्दरूप पुत्र व आत्मा यांस त्यांनी पृथक् कडवी दिली, आणि आत्म्याचे वर्णन सत् व चित् यांच्या मीलनाशी जोडले. मीलन हा शब्द आला की संबंध आला; संबंध आला की नुसते गुणकथन संपले. त्या स्तोत्राची थोरवी वेदान्ती सूत्र स्वीकारण्यात जितकी आहे, तितकीच ते आतून उघडण्यात आहे. आपण स्तोत्र गातो, पण शिकविताना केवळ सूत्र सांगतो. ही उणीव आपली आहे, कवीची नव्हे.

मराठी शब्दांची परीक्षा

आता आपल्या भाषेकडे वळू. ‘तीन व्यक्ती, एक परमेश्वर’ असे आपण शिकवितो. ‘व्यक्ती’ या शब्दाचा आपण कधी विचार केला आहे काय? आजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे एक सुटा माणूस. सभेस तीन व्यक्ती आल्या, म्हणजे तीन निरनिराळी माणसे आली. हा अर्थ घेतला तर श्रोता थेट तीन देवांपाशी पोहोचतो. उलट, मूळ संस्कृतात व्यक्ती म्हणजे प्रकट होणे. अव्यक्त ते व्यक्त होते. हा अर्थ घेतला तर एकच देव तीन रूपांनी प्रकट होतो, असे ठरते; आणि तो सबेलियसचा पाखंड होय. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन बाजूंस दोन दऱ्या आहेत.

यात निराश होण्याचे कारण नाही. ग्रीक व लॅटिन धर्मसभांसही हीच अडचण होती. लॅटिन ‘पेर्सोना’ व ग्रीक ‘प्रोसोपोन’ या शब्दांना नटाच्या मुखवट्याचा वास होता, म्हणून ग्रीकांस ‘पेर्सोना’ हा शब्द संशयास्पद वाटे. ग्रीक ‘हिपोस्तासिस’चे शब्दशः लॅटिन रूप मूलद्रव्य असे होई, म्हणून लॅटिनांस ‘तीन हिपोस्तासिस’ ऐकून तीन देवांची शंका येई. ३६२ साली अलेक्झांड्रियाच्या परिषदेत अथानासिअस यांनी दोन्ही पक्षांस आपापल्या शब्दांचा अर्थ सांगावयास लावला, आणि श्रद्धा एकच असल्याचे आढळून आले. संत ऑगस्टिन यांनी तर मान्य केले आहे की, ‘तीन व्यक्ती’ असे आपण म्हणतो ते त्या शब्दाने सर्व काही सांगून होते म्हणून नव्हे, तर मौन टाळण्यासाठी. तेव्हा ‘व्यक्ती’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. परंतु तो उच्चारल्यावर लगेच त्याचा खुलासा करणे आपले कर्तव्य आहे. त्रैक्यात पिता म्हणजे संपूर्णपणे देणारा, पुत्र म्हणजे संपूर्णपणे घेऊन परत अर्पण करणारा, आत्मा म्हणजे त्या दानाचे ऐक्य. देणे-घेणे काढून टाकले की ‘व्यक्ती’ला तेथे अर्थ उरत नाही.

दृष्टांतांविषयीही असेच सांगावेसे वाटते. पाणी एकाच वेळी बर्फ व वाफ नसते. म्हणून तो दृष्टांत सबेलियसचा आहे. बेलाचे एक दल म्हणजे संपूर्ण पान नव्हे. पुत्र मात्र संपूर्ण देव आहे. दत्त भाविकांच्या प्रदेशात, विशेषतः गाणगापूर व नरसोबाची वाडी यांच्या परिसरात, त्रिमुखी दत्ताची उपमा देण्याचा मोह होतो. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी आदर बाळगूनही ती टाळावी. एक तर ब्रह्मा, विष्णू व महेश यांची कार्ये तेथे वाटलेली आहेत. दुसरे असे की, हा मोह केवळ आपल्याकडचा नाही : युरोपातही त्रैक्याची त्रिमुखी चित्रे काढीत असत, आणि पोप आठवे अर्बन यांनी १६२८ मध्ये ती निषिद्ध केली. एका धडावर तीन चेहरे बसविल्याने तीनही दिसतात व एकही दिसते. परंतु ते चेहरे एकमेकांकडे कधीच पाहत नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र पिता पुत्राकडे पाहतो, पुत्र पित्याकडे पाहतो, हेच सर्वस्व आहे.

शंकेचा सन्मान

शेवटी, आपल्याच पंडिता रमाबाईंची आठवण करणे अगत्याचे आहे. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही चेल्टनहॅम येथील वास्तव्यात त्यांना ख्रिस्ताचे देवत्व व त्रैक्य यांविषयी गंभीर शंका होत्या, आणि अथानासियन मतांगिकार त्यांना मान्य करवत नव्हता. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो प्रत्येक धर्मगुरूने वाचावा. त्यात सिस्टर जेराल्डाईन आज्ञापालनाची अपेक्षा करतात. मिस बील मात्र शंकेस धीराने सामोऱ्या जातात. न पटलेले शब्द केवळ अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून उच्चारण्यास रमाबाई तयार नव्हत्या. पुढे त्याच स्त्रीने ख्रिस्तासाठी सर्वस्व दिले, मूळ भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. शंका घेणारा प्रत्येक जण राममोहन यांच्या मार्गाने जातोच असे नाही. पुष्कळदा तो कोणत्या मार्गाने जाईल हे आपण त्यास काय उत्तर देतो, आणि कोणत्या स्वरात देतो, यावर अवलंबून असते.

निखिया येथील परिषदेस २०२५ मध्ये १७०० वर्षे पूर्ण झाली. त्या परिषदेचा एक शब्द, पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, आपण दर रविवारी उच्चारतो. हा शब्द देवांची संख्या वाढविण्यासाठी योजिला गेला नाही. क्रुसावर जो आपणांस भेटला तो देवाचा दूत नसून स्वतः देव होता, आणि त्याच्या मागे दडलेला दुसरा, निराळ्या मनाचा देव नाही, एवढेच सांगण्यासाठी तो योजिला गेला. येत्या त्रैक्याच्या रविवारी दृष्टांत बाजूस ठेवून आपण एवढे जरी स्पष्ट सांगितले, तरी विचारणाऱ्यास उत्तर मिळेल : आम्ही तिघांची नावे घेतो, कारण एकाच परमेश्वराने आम्हांस जे दिले ते पित्यापासून आले, पुत्राच्या हातून आले, आणि आत्म्याने आमच्या अंतःकरणात पोहोचविले, आणि ते एकच दान होते.